प्रतीक्षेचा हिशेब : स्वयंचलित लाइनवरील सायकल टाइमच्या मोजणीविषयी

ज्या कारखान्यात यंत्रमानवांचे हात अहोरात्र एकाच क्रमाने पुढे होतात, जॉब उचलतात, जोडतात आणि पुन्हा आपल्या मूळ स्थितीला येऊन थांबतात, त्या कारखान्यात काळाची मोजणी ही सर्वांत सोपी बाब असली पाहिजे, असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. माणसाचा हात कधी मंदावतो, कधी चुकतो, कधी शेजाऱ्याशी बोलताना क्षणभर अडखळतो. यंत्रमानवाला यांपैकी एकही सवय नाही. तेव्हा एकदा घड्याळ लावून पाहावे, आलेला आकडा दप्तरी दाखल करावा आणि प्रकरण निकालात काढावे, अशी समजूत केवळ बाहेरच्यांचीच असते असे नाही, तर कारखान्याच्या कारभारात मुरलेल्या अनेक जाणत्या मंडळींचीही असते. पुढील प्रकरणे ही समजूत दूर व्हावी एवढ्याच हेतूने लिहिली आहेत. सायकल टाइमचा आकडा मिळवणे अवघड नाही. तो आकडा नेमका कशाचा आहे हे सांगता येणे अवघड आहे, आणि जोवर ते सांगता येत नाही तोवर त्या आकड्यावर उभारलेले नियोजन, खर्चाचे अंदाज आणि सुधारणेच्या योजना या सर्वांचा पाया कच्चाच राहतो.

प्रारंभीच एक उदाहरण घेऊ. ते कोणत्याही विशिष्ट कारखान्याचे नाही, परंतु मोटारींच्या बॉडी शॉपमध्ये वावरणाऱ्यास त्यातील प्रमाणे परकी वाटू नयेत. पत्र्याचे सुटे भाग फिक्स्चरवर बसवून स्पॉट वेल्डिंगने जोडणारी बारा स्टेशनांची एक लाइन आहे, आणि तिच्यातील एका स्टेशनचा सायकल टाइम किती, असा प्रश्न बैठकीत निघाला आहे. रोबोचा प्रोग्राम लिहिणारा सांगतो, ४८ सेकंद. देखभाल विभागाचा तंत्रज्ञ सांगतो, ५४. उत्पादनाचा प्रमुख पाळीच्या नोंदवहीतून भागाकार करून सांगतो, ५७. तिघेही प्रामाणिक आहेत आणि तिघांचीही घड्याळे बरोबर आहेत. पहिल्याने रोबो होम पोझिशनवरून निघाल्यापासून तेथे परतेपर्यंतचा काळ मोजला. दुसऱ्याने एक जॉब स्टेशनात शिरल्यापासून त्याच जागी पुढचा जॉब शिरेपर्यंतचा काळ मोजला, त्यामुळे जॉबची ने-आण आणि क्लॅम्पची उघडझाक यांचे सहा सेकंद त्याच्या हिशेबात जमा झाले. तिसऱ्याने लाइन चालू असल्याच्या एकूण काळाला निघालेल्या जॉबांच्या संख्येने भागले, त्यामुळे लहानसहान अडथळ्यांचा भारही प्रत्येक जॉबच्या वाट्यास आला. बैठक मात्र हे तिन्ही आकडे एकाच नावाने ऐकते आणि खरा आकडा कोणाचा यावर वाद घालीत उठते. म्हणून या विषयाचा पहिला नियम असा, की आवर्तनाचा आरंभ आणि अंत लेखी ठरल्याखेरीज घड्याळाला हात लावू नये. आणि त्या दोन खुणा अशा असाव्यात, की कोणाही दोन माणसांना त्यांची रुजुवात परस्परांस न विचारता करता यावी. ‘रोबोचे काम आटोपल्यावर’ हे शब्द मोघम आहेत. ‘शेवटचा क्लॅम्प उघडल्याचा सेन्सर लागला तो क्षण’ हे शब्द नेमके आहेत.

सायकल टाइमच्या अगदी जवळ वावरणारे आणखी दोन काळ आहेत, आणि त्यांची त्याच्याशी सरमिसळ वारंवार होते. त्यांपैकी पहिला टॅक्ट टाइम. आठ तासांच्या पाळीतून जेवणाची ३० मिनिटे आणि चहाची दोन वेळची मिळून २० मिनिटे वजा केली, तर ४३० मिनिटे, म्हणजे २५,८०० सेकंद हाती राहतात. त्या पाळीत ४३० जॉब हवे असतील, तर दर ६० सेकंदांना एक जॉब बाहेर पडला पाहिजे. हा काळ मोजून मिळत नाही. मागणीवरून तो ठरतो, आणि लाइनने त्याला उतरायचे असते. जर्मनीतील विमाने बांधणाऱ्या कारखान्यांत १९३०च्या दशकात ही पद्धत रूढ झाली आणि पुढे टोयोटाने आपल्या उत्पादनपद्धतीचा तो एक आधारस्तंभ केला. लाइन शंभर टक्के वेळ चालत नाही हे जाणणारा रचनाकार ६० सेकंदांसाठी ६० सेकंदांची लाइन बांधीत नाही. ती ९० टक्के वेळ चालेल असे धरून तो प्रत्येक स्टेशनास ५४ सेकंदांची मर्यादा घालून देतो. दुसरा काळ जॉबच्या मुक्कामाचा. बारा स्टेशनांत प्रत्येकी एक जॉब आहे आणि दर ६० सेकंदांना एक बाहेर पडतो, तर आत शिरलेला जॉब १२ मिनिटांनी बाहेर येईल. स्टेशनांच्या मध्ये आणखी आठ जॉब साठवून ठेवले, तर तोच मुक्काम २० मिनिटांचा होईल, आणि तरीही कोणत्याही स्टेशनचा सायकल टाइम एका सेकंदानेही बदललेला नसेल. आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले मुक्कामाचा सरासरी काळ, हा साधा दिसणारा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये काटेकोरपणे सिद्ध केला, आणि लाइनवरील कोणत्याही मोजणीचा ताळा पाहण्यास त्याच्याइतके सुलभ साधन दुसरे नाही.

या मोजणीमागे जो इतिहास उभा आहे, तो यंत्रांपेक्षा जुना आणि माणसांच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. फिलाडेल्फियातील मिडव्हेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर यांनी १८८०च्या दशकात स्टॉपवॉच हाती घेऊन कामाचे लहान लहान तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याचा काळ नोंदवला. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने घड्याळाला चलच्चित्राची जोड दिली आणि कामगाराच्या बोटांना इवले दिवे बांधून त्याच्या हालचालींच्या प्रकाशरेषा छायाचित्रांत उमटवल्या. हायलंड पार्क येथे फोर्ड कारखान्यात १९१३-१४ मध्ये चेसिसची जुळणी सुमारे साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर आली, ती चालत्या पट्ट्यामुळे जितकी, तितकीच कामाच्या अशा बारीक वाटणीमुळे. परंतु याच काळात, ऑगस्ट १९११ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकामाचे कारागीर स्टॉपवॉचच्या निषेधार्थ काम सोडून बाहेर पडले. प्रकरणाची चौकशी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापर्यंत गेली, आणि १९१५ मध्ये काँग्रेसने लष्करी खर्चाच्या मंजुरीस अशी अट जोडली, की तो पैसा कामगारांवर स्टॉपवॉच लावण्याच्या कामी खर्च होऊ नये. काळाची मोजणी कोणावर रोखलेली आहे, हा प्रश्न या विद्येच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

यंत्रमानव आल्यावर घड्याळाची जागा बदलली. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीमधील कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक यंत्रमानव साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग उचलण्याच्या कामी लागला. त्याच दशकाच्या अखेरीस, त्याच कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाच्या मागणीतून, रिलेंनी भरलेल्या कपाटांच्या जागी मोडिकॉन ०८४ हा प्रोग्राम बदलता येणारा नियंत्रक, म्हणजे आज कारखान्यात ज्याला सर्वजण पीएलसी म्हणतात तो, पुढे आला. या दोन घटनांनी असे झाले, की पूर्वी निरीक्षकाच्या तळहातावर असणारे घड्याळ यंत्राच्या पोटात गेले. क्लॅम्प केव्हा मिटला, रोबोस परवानगी केव्हा मिळाली, वेल्ड केव्हा पुरा झाला, या प्रत्येक क्षणाची वार्ता पीएलसीला असतेच. ती लिहून ठेवण्याची तजवीज मात्र कोणीतरी करावी लागते, आणि ती झाली नाही तर ज्या यंत्राला सर्व काही ठाऊक आहे तेच यंत्र पाळीअखेर जॉबांच्या एका एकूण संख्येखेरीज काहीही सांगू शकत नाही.

स्टेशनचे एक आवर्तन उलगडून पाहिले तर त्यात तीन जातींचा काळ आढळतो: कामाचा, हालचालीचा आणि प्रतीक्षेचा. कामाचा काळ पदार्थाच्या धर्माने बांधलेला असतो. स्पॉट वेल्डिंगमध्ये इलेक्ट्रोडची टोके पत्रे दाबून धरतात, मग विद्युत्प्रवाह सोडला जातो, आणि वितळलेला धातू थिजेपर्यंत दाब कायम ठेवावा लागतो. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेत प्रवाहाचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे दहा आवर्तनांचा वेल्ड ०.२ सेकंदाचा झाला. या काळात काटकसर करू पाहणारा जोडाच्या बळकटीतच काटकसर करीत असतो. हालचालीच्या काळाविषयी मात्र एक गैरसमज सार्वत्रिक आहे: रोबोचा वेग वाढवला की काळ त्याच प्रमाणात घटतो, असा. दोन स्पॉटांमधील अंतर १० सेंटिमीटर आणि त्वरण दर सेकंदाला सेकंदी ४ मीटर धरले, तर निम्मे अंतर वेग वाढवण्यात आणि निम्मे तो कमी करण्यात जाऊन हे अंतर सुमारे ०.३२ सेकंदात तुटते, आणि या अवधीत वेगाची परमावधी सेकंदाला जेमतेम ०.६३ मीटर असते. जेथे रोबो ०.६३ च्या पुढे जाऊच शकत नाही, तेथे त्याची वेगमर्यादा १ मीटरवरून २ मीटरवर नेल्याने एका शतांश सेकंदाचाही लाभ होत नाही. लाभ होतो तो स्पॉटांचा क्रम बदलल्याने, वेल्डिंग गन प्रत्येक वेळी पूर्ण न उघडता गरजेपुरती उघडल्याने, आणि वाटेतील ज्या बिंदूंवर थांबण्याचे काहीच कारण नाही तेथे रोबोस न थांबता वळण घेऊ दिल्याने.

परंतु स्वयंचलित लाइनचा खरा गाभा तिसऱ्या जातीच्या काळात, म्हणजे प्रतीक्षेत आहे, आणि या पुस्तकाचे एकमेव प्रतिपाद्य म्हणून काही सांगायचे असेल, तर ते हे, की सायकल टाइमच्या मोजणीचे मोल तिने प्रतीक्षेचा हिशेब किती प्रामाणिकपणे वेगळा काढला यावरच ठरते. रोबो थकत नाही हे खरे. परंतु तो वाट पाहतो, आणि वाट पाहताना काम करणाऱ्यासारखाच दिसतो. मागील स्टेशनातून जॉब आला नाही म्हणून तो थांबतो, पुढील स्टेशन रिकामे झाले नाही म्हणून थांबतो, शेजारचा रोबो सामाईक क्षेत्रातून बाहेर पडल्याचा इशारा मिळाला नाही म्हणून थांबतो. क्लॅम्प मिटला तरी त्याचा सेन्सर उशिरा लागला म्हणून थांबतो. यांपैकी प्रत्येक थांबा निमिषाचा असतो, अपघात टाळण्यासाठी घातलेल्या इंटरलॉकच्या नावाखाली तो रास्तही ठरतो, आणि म्हणूनच कोणत्याही तक्रारीच्या वहीत त्याची नोंद होत नाही.

प्रतीक्षा वेगळी न काढता केलेली मोजणी किती फसवी असते, हे लग्नाच्या पंगतीत सहज दिसते. एकामागोमाग निघालेल्या वाढप्यांत पुरी वाढणारा संथ असला, तर त्याच्या मागचे भाजी, कोशिंबीर आणि वरण वाढणारे त्याच्यामागे खोळंबतात, आणि पंगतीच्या टोकाशी बसून घड्याळ लावणाऱ्यास दर पानामागे सर्वांना सारखाच वेळ लागल्याचे दिसते. लाइनवर हेच घडते: स्टेशने एकमेकांना घट्ट जोडलेली असली आणि मध्ये साठवणीस जागा नसली, तर कोणत्याही स्टेशनातून लागोपाठ बाहेर पडणाऱ्या दोन जॉबांमधील अंतर मोजा, ते सर्वत्र सर्वांत मंद स्टेशनाइतकेच भरेल. जो तंत्रज्ञ बारा स्टेशनांचे असे बारा आकडे घेऊन बसतो, त्याला बारा सारखे आकडे मिळतात आणि लाइन सुंदर समतोल असल्याचा चुकीचा दाखला हाती पडतो. खरे उत्तर मिळण्यासाठी प्रत्येक स्टेशनच्या काळातून जॉब न येण्याची प्रतीक्षा आणि पुढे जागा नसण्याची प्रतीक्षा वजा करावी लागते. तसे केले की जे स्टेशन सर्वांत कमी वाट पाहते, तेच सर्वांना वाट पाहायला लावते, हे तत्क्षणी उघड होते. त्या स्टेशनचा एक सेकंद वाचवला तर संपूर्ण लाइनचा एक सेकंद वाचतो. अन्य स्टेशनांत वाचवलेले पाच सेकंद त्यांच्या प्रतीक्षेत पाच सेकंदांची भर घालून विरून जातात.

मोजण्याची साधने कोणती असावीत, याचा विचार दुसऱ्या भागात सविस्तर केला आहे. येथे त्यांच्या मर्यादांचा निर्देश पुरे. स्टॉपवॉच दाबणाऱ्या हाताला सुमारे पंचमांश सेकंदाचा विलंब लागतो. सेकंदाला २५ चित्रे टिपणारा व्हिडिओ ४० मिलिसेकंदांपेक्षा सूक्ष्म काही दाखवू शकत नाही. पीएलसी आपला प्रोग्राम पुनःपुन्हा आरंभापासून अखेरपर्यंत वाचीत असतो, आणि एका वाचनास २० मिलिसेकंद लागत असतील, तर कोणतीही घटना त्याला तितक्या उशिरापर्यंत कळत नाही. ५४ सेकंदांच्या आवर्तनात ही त्रुटी नगण्य आहे; अर्ध्या सेकंदात एक वस्तू उचलून ठेवणाऱ्या रोबोच्या बाबतीत तीच चार टक्के होते. त्याहून मोठा दोष वेगळाच असतो: कार्यालयातील संगणक पीएलसीला दर सेकंदाला एकदा विचारून नोंद करतो, आणि मग त्या नोंदींतून सेकंदाच्या दशांशांचे निष्कर्ष काढले जातात. अशा नोंदीत एकेका आवर्तनाचा काळ एका सेकंदाने कमी-अधिक असू शकतो. लागोपाठ शंभर आवर्तनांचा एकूण काळ घेतला, तर तीच चूक शंभरांत वाटली जाऊन सेकंदाच्या शतांशावर येते. सरासरीपुरते हे साधन उत्तम आहे, एकेका आवर्तनाचा स्वभाव ओळखण्यास ते निरुपयोगी आहे, आणि कोणत्या कामासाठी कोणते साधन हा विवेक यंत्र पुरवू शकत नाही. रोबोचे घड्याळ, पीएलसीचे घड्याळ आणि संगणकाचे घड्याळ ही तीन वेगळी घड्याळे आहेत, तेव्हा एका मोजणीचे दोन्ही क्षण एकाच घड्याळाचे असावेत, ही खबरदारीही त्यातच आली.

सरासरीने होणारा घोटाळा हा या क्षेत्रातील सर्वांत महाग घोटाळा आहे, म्हणून त्याकडे वाचकाचे लक्ष विशेष वेधावेसे वाटते. वरील उदाहरणातील उत्पादन-प्रमुखाचे ५७ सेकंद पुन्हा पाहू. शंभर आवर्तनांपैकी ९५ आवर्तने बरोबर ५४ सेकंदांची झाली आणि पाच वेळा जॉब नीट न बसल्याने किंवा सेन्सर न लागल्याने साठ सेकंद वाया जाऊन ती ११४ सेकंदांची झाली, तर एकूण ५,७०० सेकंद आणि सरासरी ५७ येते. ५७ सेकंदांचे आवर्तन त्या शंभरांत एकही नाही. केवळ सरासरी वाचणारा अधिकारी प्रत्येक आवर्तनातील तीन सेकंदांच्या शोधात रोबोच्या प्रोग्रामची महिनोन्‌महिने छाननी करवील, आणि जेथे दोष आहे तो झिजलेला लोकेटिंग पिन किंवा तेलाने माखलेला सेन्सर जागच्या जागीच राहील. आवर्तने चढत्या क्रमाने मांडून मधले आवर्तन पाहिले असते, तर ते ५४ चे निघाले असते, आणि लाइनची चाल शाबूत असून ती मधून मधून अडते आहे, एवढे निदान एका दृष्टिक्षेपात झाले असते. ठरावीक अंतराने येणारी कामे याहून निराळी: इलेक्ट्रोडची टोके घासून पूर्ववत करण्यास दर वीस जॉबांमागे १२ सेकंद लागत असतील, तर ते खंड म्हणून खर्ची न टाकता प्रत्येक जॉबच्या खात्यावर ०.६ सेकंद म्हणून टाकले पाहिजेत, कारण तो खर्च टळणारा नाही. त्रुटी, नियमित खर्च आणि शुद्ध आवर्तन हे तीन रकाने ज्या नोंदवहीत वेगळे नाहीत, ती नोंदवही कितीही सुबक असली तरी तिच्यातून मार्ग दिसत नाही.

याच रकान्यांवर यंत्रसामग्रीच्या कार्यक्षमतेचा प्रसिद्ध निर्देशांक उभा आहे. सेइची नाकाजिमा यांनी जपानमध्ये प्रचारात आणलेल्या या पद्धतीत यंत्र उपलब्ध असण्याचे प्रमाण, त्याच्या चालीचे प्रमाण आणि निर्दोष मालाचे प्रमाण यांचा गुणाकार करतात. ९०, ९५ आणि ९९ टक्के यांचा गुणाकार सुमारे ८५ टक्के होतो, आणि तोच आदर्श म्हणून जगभर सांगितला जातो. यांतील मधले प्रमाण आदर्श सायकल टाइमवर अवलंबून आहे हे मात्र विसरले जाते. ५४ च्या जागी ६० हा आदर्श म्हणून दप्तरात लिहिला, की ६० सेकंदांनी चालणारी मंद लाइन कागदोपत्री शंभर टक्के चालीची ठरते, आणि प्रत्येक जॉबमागचे सहा सेकंद कोणाच्याही दृष्टीस न पडता कायमचे जातात. म्हणून आदर्श काळ कोणी, केव्हा आणि कोणत्या मोजणीवरून ठरवला, याची नोंद त्या आकड्याइतकीच जपावी.

या सर्व विवेचनात माणूस कोठे आहे, हा प्रश्न कोणी विचारील, तर तो विचारलाच पाहिजे. पूर्णपणे माणसाविना चालणाऱ्या लाइनी थोड्याच; बहुतेक ठिकाणी कोणीतरी सुटे भाग फिक्स्चरवर बसवतो, सुरक्षेच्या प्रकाशपडद्यातून मागे सरतो आणि बटण दाबतो. फिरत्या टेबलाच्या एका बाजूस रोबो वेल्डिंग करीत असता दुसऱ्या बाजूस कामगार भाग बसवीत असला, तर त्याचे काम रोबोच्या कामाआड झाकले जाते, आणि रोबोचा काळ पाच सेकंदांनी घटवताच त्याच्या विसाव्याचे पाच सेकंदही कोणी न सांगता नाहीसे होतात. ओहायोतील लॉर्ड्सटाउन येथे जनरल मोटर्सने व्हेगा मोटारीसाठी वेल्डिंगचे यंत्रमानव बसवून लाइन तासाला सुमारे १०० गाड्यांच्या गतीने चालवण्याचा घाट घातला. ज्या लाइनींवर तोवर मिनिटाला एखादी गाडी निघत असे, तेथे आता दर ३६ सेकंदांना एक निघायची होती, आणि १९७२ च्या मार्चमध्ये त्या कारखान्याचा संप जगाच्या चर्चेचा विषय झाला. यंत्रमानवांना ३६ सेकंद पुरत होते; त्यांच्या पुढे-मागे उभ्या असलेल्या माणसांना ते पुरतात काय, ही मोजणी त्या योजनेत दुय्यम राहिली होती. माझे असे ठाम मत आहे, की स्वयंचलित लाइनवरील घड्याळ लाइनवर रोखलेले असावे, माणसावर नसावे. कामगाराचा काळ नोंदवायचा तो त्याला पुरेसा अवकाश मिळतो की नाही हे पाहण्यासाठी, आणि तो त्याला सांगून, त्याच्या समक्ष नोंदवावा. ज्या नोंदीचा उपयोग दंड करण्यासाठी होतो, ती नोंद खरी राहत नाही, हे वॉटरटाउनपासून आजवर बदललेले नाही.

मराठी वाचकाच्या हाती हा विषय त्याच्या भाषेत देण्याचे प्रयोजन स्पष्ट आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि तेव्हापासून पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड ही नावे मराठी माणसाच्या उपजीविकेशी जडली. चाकणच्या पट्ट्यात आज मोटारींच्या सांगाड्यांपासून दुचाकींच्या जुळणीपर्यंत यंत्रमानव सर्रास वावरत आहेत. मोठ्या कारखान्यांना या विद्येचे जाणकार मिळतात. अडचण आहे ती त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदाराची, ज्याच्याकडे एक-दोन रोबो असतात आणि ज्याचा दर सायकल टाइमवरूनच ठरतो. यंत्राचा ताशी दर ६०० रुपये धरला, तर ४८ सेकंदांच्या हिशेबाने जॉबमागे ८ रुपये पडतात आणि ५७ च्या हिशेबाने साडेनऊ. जो ४८ चा आकडा देऊन दरपत्रक भरतो आणि ५७ ने माल काढतो, तो प्रत्येक जॉबमागे दीड रुपया आपल्या पदरचा घालतो, आणि तोटा कोठून आला हे त्याला वर्षअखेरीच्या ताळेबंदातही सापडत नाही. त्याच्या शेडमध्ये रात्रपाळीला उभा असणारा आयटीआय किंवा पदविका झालेला तंत्रज्ञ हाच या पुस्तकाचा पहिला वाचक आहे, आणि त्याला रोज ऐकू येणारेच शब्द येथे वापरले आहेत.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात आवर्तनाच्या सीमा ठरवणे, दुसऱ्यात साधने आणि त्यांच्या त्रुटी, तिसऱ्यात एका स्टेशनच्या आवर्तनाचे काम, हालचाल आणि प्रतीक्षा असे पृथक्करण, चौथ्यात अनेक स्टेशनांची लाइन व तिच्यातील बॉटलनेक, आणि पाचव्यात मोजणीवरून निर्णय घेण्याची रीत आली आहे. गणित गुणाकार-भागाकारापलीकडे फारसे गेलेले नाही. जेथे गेले आहे तेथे ते वगळूनही पुढचे समजेल अशी व्यवस्था ठेवली आहे. वाचकाला विनंती एवढीच, की पहिला भाग वाचून होताच त्याने आपल्या लाइनवरील एकच स्टेशन निवडावे, त्याच्या आवर्तनाचा आरंभ आणि अंत कागदावर लिहून शेजारच्या सहकाऱ्यास दाखवावा, आणि दोघांचे एकमत झाल्यावरच पुढच्या भागाकडे वळावे. हे एकमत घडवून आणण्यास अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागेल. त्या चर्चेत फिक्स्चरचा, इंटरलॉकचा आणि मागच्या-पुढच्या स्टेशनांचा जो ऊहापोह होईल, त्यातच लाइनविषयीचे निम्मे ज्ञान आहे, आणि उरलेले निम्मे मिळवण्यास मग घड्याळ पुरेसे आहे.